‘येऊ की नको, ते तुम्हीच सांगा’: आमची वाटचाल

2009 साली तीन माणसे आणि दोन संगणक एवढ्या भांडवलावर आमचा व्यवसाय सुरू झाला. ज्या लहान कंपन्यांना स्वतःचा हिशेब विभाग परवडत नाही, त्यांची पगारपत्रके आम्ही तयार करतो. हजेरीपट घ्यायचा, रजा आणि कपाती लावायच्या, बँकेत जाणारी फाइल तयार करायची आणि ठरलेल्या तारखेला प्रत्येकाच्या खात्यात पैसे जमा होतील हे पाहायचे, असे हे काम आहे. 2020 च्या आरंभी आम्ही 16 जण होतो आणि 41 ग्राहक कंपन्यांचे मिळून सुमारे 3,200 पगार दर महिन्याला आमच्या हातून जात होते. या अकरा वर्षांत नवीन जागा, कर्ज, हातातून गेलेले ग्राहक असे अनेक निर्णय मी घेतले होते. तरी आमच्या वाटचालीतला सर्वांत कठीण निर्णय कोणता, असे कोणी विचारले, तर त्या वर्षीच्या मार्च महिन्यात करोनाच्या साथीमुळे कार्यालय बंद करून सर्वांना घरून काम करायला सांगायचे की नाही, हाच तो प्रश्न होता, असे मी सांगेन. तो निर्णय मी घेतला, पण नऊ दिवस उशिरा घेतला.

जागतिक आरोग्य संघटनेने 30 जानेवारी 2020 रोजी आंतरराष्ट्रीय आरोग्य आणीबाणी जाहीर केली तेव्हा ती बातमी मी वाचली आणि बाजूला ठेवली. मार्चच्या पहिल्या आठवड्यात मात्र ती बातमी आमच्या खोलीत येऊन बसली. एका दुपारी आमच्या एका सहकारी बाईंना खोकल्याची उबळ आली. त्यांनी तोंड कोपरात लपवले, आणि खोलीभर चाललेला कीबोर्डचा आवाज एकदम थांबला. कोणी काही बोलले नाही. क्षणभराने आवाज पुन्हा सुरू झाला, पण त्या बाई उरलेला दिवस मान खाली घालून बसल्या होत्या. दुसऱ्या दिवशी, 3 मार्चला, मी सर्वांना एकत्र बोलावले आणि मला त्या वेळी अतिशय समंजस वाटणारी एक गोष्ट सांगितली: ज्यांना घरून काम करावेसे वाटते त्यांनी खुशाल करावे, ज्यांना यायचे आहे त्यांनी यावे.

ही चूक होती, आणि ती कशी हे नीट सांगितले पाहिजे, कारण असेच करणारे अनेक मालक मला नंतर भेटले. मला वाटत होते की मी लोकांना स्वातंत्र्य देत आहे. प्रत्यक्षात मी माझा निर्णय त्यांच्या खांद्यावर टाकला होता. पुढच्या आठवड्यात घरी थांबले ते चारच जण, आणि ते चौघेही जुने, आपली जागा पक्की आहे याची खात्री असलेले. नुकत्याच रुजू झालेल्या दोघी, पगारवाढीची वाट पाहणारे, ज्यांच्या घरी ते एकटेच कमावते होते असे सगळे रोज वेळेवर हजर होते. धोका पत्करायची तयारी कोणाची जास्त आहे, यापेक्षा नाही म्हणण्याची ऐपत कोणाची आहे, यावरच आमच्या खोलीतली हजेरी ठरत होती.

हे मला कळले ते आमच्या एका ज्येष्ठ सहकाऱ्यामुळे. त्यांचे वडील वृद्ध आणि श्वसनाच्या जुन्या आजाराने त्रस्त होते. 12 मार्चला सकाळी ते माझ्या टेबलापाशी आले आणि उभ्याउभ्याच म्हणाले, “सर, मी येऊ की नको, ते तुम्हीच सांगा. मी ठरवलं तर मी घाबरलो असं होईल. तुम्ही ठरवलंत तर तो नियम होईल.” आदल्याच दिवशी, 11 मार्चला, जागतिक आरोग्य संघटनेने या साथीला महामारी म्हटले होते. खरे सांगायचे तर त्या घोषणेपेक्षा या दोन वाक्यांनी माझा निर्णय केला.

त्या दिवशी दुपारी मी दार लावून घेतले आणि आमच्या धंद्यात जे करतो तेच केले: आकडे मांडले. तोपर्यंत मी रोज एकच प्रश्न विचारत होतो की आपल्यापैकी कोणी आजारी आहे का. 2003 च्या सार्स या श्वसनरोगाच्या साथीत या प्रश्नाने बरेच काम भागत होते, कारण त्या रोगाचा रुग्ण मुख्यतः लक्षणे दिसू लागल्यानंतर संसर्ग पसरवत असे. या नव्या रोगात संसर्ग झाल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत सरासरी पाच-सहा दिवस आणि कधी चौदा दिवसही जातात, आणि लक्षणे दिसण्याच्या साधारण दोन दिवस आधीपासून माणूस दुसऱ्याला संसर्ग देऊ शकतो, हे हळूहळू स्पष्ट होत होते. म्हणजे माझ्या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर ‘नाही’ असले तरी त्या उत्तराला फारसा अर्थ नव्हता. खरा प्रश्न असा होता की ठणठणीत दिसणाऱ्या 16 जणांत एखादा तरी संसर्गित असण्याची शक्यता किती. बाहेर 200 माणसांत एक संसर्गित आहे असे धरले, तर 16 जणांच्या खोलीत किमान एक संसर्गित असण्याची शक्यता जवळजवळ 8 टक्के येते. 50 माणसांत एक धरला तर तीच शक्यता 28 टक्क्यांच्या घरात जाते. शिवाय ही सोडत एकदाच निघत नाही, बाहेरची साथ ओसरेपर्यंत ती पुन्हा पुन्हा निघत राहते.

दुसरे गणित उशिराचे होते. रुग्णसंख्या दर तीन दिवसांनी दुप्पट होत असेल, तर नऊ दिवसांत ती आठपट होते. ‘ज्यांना हवे त्यांनी’ या माझ्या समंजसपणात जे नऊ दिवस गेले, त्यांची किंमत कागदावर अशी दिसली. आपण दोन आठवडे लवकर बंद केले आणि साथ आलीच नाही, तर थोडी गैरसोय आणि थोडे हसे होईल. दोन आठवडे उशिरा बंद केले तर जे होईल ते परत फिरवता येणार नाही. या दोन चुका सारख्या वजनाच्या नाहीत, हे एकदा मान्य केल्यावर निर्णयात घोळण्यासारखे काही उरले नाही. संध्याकाळी मी सर्वांना लेखी कळवले: उद्यापासून कार्यालय बंद, सर्वांनी घरून काम करायचे आहे, हा नियम माझ्यासकट सर्वांना लागू आहे आणि त्यासाठी कोणालाही कारण सांगावे लागणार नाही.

निर्णय झाला, पण तो पेलण्याची आमची तयारी नव्हती. आमच्याकडे लॅपटॉप तीनच होते. बाकीच्यांनी आपापले डेस्कटॉप चादरीत गुंडाळून घरी नेले. कोणत्या यंत्राची कोणती वायर हे ओळखता यावे म्हणून आम्ही प्रत्येक वायरीला चिकटपट्टी लावून त्यावर नाव लिहिले. सर्व्हरवरील माहिती घरून सुरक्षितपणे उघडता यावी यासाठी व्हीपीएन बसवायला तीन दिवस लागले. सर्वांत मोठी चिंता गोपनीयतेची होती. कोणाला किती पगार मिळतो ही माहिती आता 16 घरांत जाणार होती. आम्ही सर्व ग्राहकांना पत्र लिहून व्यवस्था कशी असेल ते सविस्तर सांगितले आणि लेखी संमती मागितली. 38 जणांनी ती दिली. तिघांनी नकार दिला. त्या तिघांचे काम करण्यासाठी मी आणि आणखी एक सहकारी असे दोघेच, वेगवेगळ्या दिवशी, रिकाम्या कार्यालयात एकेकटे जात राहिलो. त्यांतल्या एका ग्राहकाने वर्षअखेरीस आमचे काम थांबवले.

या घाईत मी एक गोष्ट अशी केली की जिचे मला आजही वाईट वाटते. कोण किती वेळ काम करतो हे कळावे म्हणून मी सर्वांच्या यंत्रांवर एक प्रणाली बसवली, जी दर काही मिनिटांनी पडद्याचे छायाचित्र घेत असे. जी माणसे दहा वर्षे माझ्याबरोबर महिनाअखेरीच्या रात्री जागली, त्यांच्यावर मी असा पहारा बसवला. कोणी तक्रार केली नाही, पण आमच्या रोजच्या बोलण्यातला मोकळेपणा गेला, आणि तो गेल्याचे फोनवरही जाणवत होते. अकराव्या दिवशी मी ती काढून टाकली आणि सर्वांची क्षमा मागितली.

चूक व्हायची ती वेगळ्याच जागी झाली. आमच्याकडे मेकर-चेकर पद्धत आहे: एकाने केलेले पगारपत्रक दुसऱ्याने तपासल्याशिवाय बाहेर जात नाही. कार्यालयात ही दोन माणसे शेजारी बसत, आणि तपासणीचा मोठा भाग ‘हे बघ जरा’ एवढ्यावर होत असे. घरून काम सुरू झाल्यावर पहिल्याच महिन्यात एका ग्राहकाच्या फाइलीत मागील महिन्याच्या जादा कामाचे तास पुन्हा लागले. चेकरने फोनवर ‘हो, बघितलं’ असे म्हटले होते, आणि ते खोटे नव्हते. त्यांनी एकूण रक्कम पाहिली होती, तासांचा रकाना पाहिला नव्हता. शेजारी बसण्यात किती तपासणी दडलेली होती हे तेव्हा कळले. मग आम्ही प्रत्येक पगारपत्रकासाठी काय काय तपासले याची लेखी नोंद सक्तीची केली. ती नोंद आजही होते, आणि तेव्हापासून आमच्या चुका पूर्वीपेक्षा कमी झाल्या आहेत.

घर म्हणजे सुरक्षित जागा, हे गृहीतकही सर्वांना लागू नव्हते. एप्रिलच्या शेवटी एका तरुण सहकारी मुलीच्या फाइलींवरची वेळ माझ्या लक्षात आली: रात्री 1 वाजून 40 मिनिटे, रात्री 2 वाजून 5 मिनिटे. विचारल्यावर तिने संकोचत सांगितले की एका खोलीत सहा माणसे असल्यामुळे सगळे झोपल्याशिवाय तिला काम करता येत नाही. तिच्यासाठी घर ही कार्यालयापेक्षा अधिक गर्दीची जागा होती. आम्ही तिला कार्यालयाची एक किल्ली दिली. ज्या दिवशी आमच्यापैकी कोणी जात नसे, त्या दिवशी ती एकटी तेथे बसून काम करू लागली. सर्वांसाठी एक नियम असला पाहिजे असे म्हणणारा मी, त्या नियमाला हा अपवाद करताना थोडा अडखळलो. पण ‘घर की कार्यालय’ हा प्रश्नच अपुरा होता आणि एका बंद हवेत किती माणसे किती तास एकत्र श्वास घेतात हा पुरा प्रश्न होता, हे मला तिच्यामुळे समजले. आमच्याकडे स्वच्छता आणि ने-आण पाहणारे एक मदतनीस आहेत. त्यांचे काम तर घरी नेताच येत नव्हते. त्यांचा पूर्ण पगार चालू ठेवला, आणि माझ्या मते हा उपकार नव्हता. बंद करण्याचा निर्णय माझा होता, तेव्हा त्याचा भारही माझ्याच वहीत लिहिला जायला हवा होता.

परत कधी यायचे, हा निर्णय जाण्याच्या निर्णयाहून किचकट निघाला, कारण त्यात कोणतीही घोषणा मदतीला नसते. त्या काळात सेऊलमधील एका कॉल सेंटरचा अभ्यास माझ्या वाचनात आला, आणि मी तो कितीतरी वेळा वाचला, कारण ते चित्र आमच्याच कार्यालयाचे होते. मार्च 2020 मध्ये तेथे एका 19 मजली इमारतीच्या 11 व्या मजल्यावर काम करणाऱ्या 216 जणांपैकी 94 जणांना संसर्ग झाला, आणि त्यांतले बहुतेक मजल्याच्या एकाच बाजूला बसणारे होते. संपूर्ण इमारतीत मिळून रुग्ण 97 निघाले. लिफ्ट आणि प्रवेशद्वार सर्व मजल्यांचे एकच असूनही इतर मजले जवळजवळ सुटले. जाता-येता होणाऱ्या भेटीपेक्षा एका खोलीत तासन्‌तास शेजारी बसून बोलणे किती घातक आहे, हे याहून स्पष्टपणे सांगणारा दाखला मला मिळाला नाही. जुलैमध्ये 239 शास्त्रज्ञांनी हवेतून होणाऱ्या संसर्गाकडे लक्ष द्यावे असे जाहीर आवाहन केले, तोपर्यंत आम्ही टेबले पुसण्यावर भर देत होतो.

आमच्या कार्यालयाच्या दोन मोठ्या खिडक्या एसी बसवताना स्क्रूने कायमच्या बंद केल्या होत्या. मी स्वतः पेचकस घेऊन बसलो. रंगाखाली बुजलेले आठ स्क्रू काढायला अख्खी सकाळ गेली, आणि पहिली खिडकी उघडली तेव्हा चौकटीतून अकरा वर्षांची धूळ टेबलावर पडली. नंतर आम्ही कार्बन डायऑक्साइड मोजणारे एक छोटे यंत्र आणले. बाहेरच्या हवेत हे प्रमाण साधारण 400 पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत 400 भाग) थोडे वर असते. खोलीत ते जितके चढते तितकी एकमेकांनी सोडलेली हवा आपण पुन्हा घेत असतो. खिडक्या बंद ठेवून आठ जण बसले की तासाभरात आकडा 1,400 च्या वर जाई, उघडल्यावर 700 च्या आत राही. तेव्हापासून एका वेळी आठ जण आणि खिडक्या उघड्या, असे ठरले.

26 नोव्हेंबर 2021 रोजी करोनाच्या ओमिक्रॉन या नव्या प्रकाराची घोषणा झाली तेव्हा हीच परीक्षा पुन्हा आली. या वेळी पूर्ण घरून काम सुरू करण्याचा निर्णय दोन तासांत झाला, कारण तोपर्यंत आम्ही एक पानी नियम लिहून ठेवला होता. कोणत्या स्थितीत कार्यालय बंद होईल, कोण कळवेल, यंत्रे कोणाकडे असतील, ज्यांच्या घरी जागा नाही त्यांची सोय काय, आणि परत येण्यापूर्वी काय तपासले जाईल, एवढेच त्यात आहे. ‘ज्यांना हवे त्यांनी’ हे शब्द त्या पानावर नाहीत. तो मजकूर मी एकट्याने लिहिला नाही; ज्या सहकाऱ्यांनी मला ‘तुम्हीच सांगा’ असे म्हटले होते, त्यांनी माझ्याशेजारी बसून प्रत्येक ओळ वाचली. 5 मे 2023 रोजी आणीबाणी संपल्याचे जाहीर झाल्यावर ते पान काढायचे का, असे कोणीतरी विचारले. आम्ही ते काढले नाही.

मागच्या वर्षी फ्लूची साथ आली आणि महिनाअखेरीच्या आठवड्यात एकाच दिवशी चौघांना ताप भरला. सकाळी दहाला पहिला निरोप आला, बाराच्या आत त्या पानावरचे चौथ्या मुद्द्यापर्यंत सगळे लागू झाले होते, आणि दुपारी मी खिडक्या लावून कुलूप घातले तेव्हा कोणाच्याही टेबलावर चादरीत गुंडाळायचे काही नव्हते. मेकर आणि चेकर दोघेही घरीच होते. तपासणीच्या नोंदी रात्री नऊपर्यंत पूर्ण झाल्या, आणि त्या महिन्याचे सर्व पगार ठरलेल्या तारखेला जमा झाले.