कार्बनचा तक्ता भरताना अडलेला पोलादाचा रकाना

भोसरीत आमचं फोर्जिंगचं, म्हणजे तापवलेलं पोलाद साच्यात ठोकून पार्ट घडवण्याचं युनिट आहे. ज्या मोठ्या कंपनीला आम्ही गाड्यांचे पार्ट देतो, तिने सगळ्या पुरवठादारांकडून कार्बनचा तक्ता मागवला. एका पार्टमागे किती किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, ते लिहून द्यायचं. कंपनी शेअर बाजारातली, सेबीच्या बीआरएसआर अहवालात (पर्यावरण आणि सामाजिक जबाबदारीचा अहवाल) तिला उत्तरं द्यावी लागतात आणि युरोपातली गिऱ्हाइकंही विचारतात. मागणी रास्तच आहे. माझा राग आहे तो एका रकान्यावर.

वीज, डिझेल, गॅस हा भाग लवकर उरकला. रकाना होता कच्च्या मालाचा: ‘पोलाद बनवणाऱ्याने दिलेला उत्सर्जनाचा आकडा’. देशाची सरासरी टाकली की कंपनीचं पोर्टल तक्ता परत पाठवायचं.

खरा बोजा याच रकान्यात असतो, हे हिशेब मांडला की लगेच कळतं. आमचा एक पार्ट तयार होऊन 3 किलोचा भरतो, पण त्याला बिलेट, म्हणजे पोलादाचा कापलेला तुकडा, लागतो 4 किलोचा. उरलेला किलो फ्लॅशमध्ये, म्हणजे साच्याच्या कडेने बाहेर येणाऱ्या जादा धातूत जातो. बिलेट तापवणाऱ्या इंडक्शन हीटरवर टनामागे साधारण 400 युनिट वीज जळते, म्हणजे या बिलेटला 1.6 युनिट. आपल्या ग्रिडची वीज युनिटमागे सुमारे 0.7 किलो धरली, तर तापवण्याचे झाले 1.1 किलो. पोलादाचं पाहा. भारतात टनामागे सरासरी अडीच टनांच्या आसपास कार्बन डायऑक्साइड जातो, म्हणजे चार किलोंचे झाले दहा किलो! शेडमधल्या ट्यूबलाइट मोजण्यात आठवडा घालवणाऱ्यांनी हे दोन आकडे आधी शेजारी ठेवून पाहावेत.

(वजन नेहमी बिलेटचं धरा, तयार पार्टचं नाही. आमच्या तक्त्याच्या नियमात भंगार विकल्याची वजावट मिळत नव्हती.)

तर तो आकडा. आमचा माल स्टॉकिस्टकडून येतो. त्याच्याकडे टीसी, म्हणजे मिलचं टेस्ट सर्टिफिकेट मागितलं, ते लगेच मिळालं. टीसीवर हीट नंबर (भट्टीच्या घाण्याचा क्रमांक) असतो, कार्बन-मँगनीजचे टक्के असतात, कडकपणा असतो. पोलाद खनिजापासून केलं की भंगार वितळवून, हे त्यावर कुठेच नसतं. आणि सगळा फरक तिथेच पडतो. कोळशाच्या ब्लास्ट फर्नेसचं पोलाद टनामागे दोन टनांच्या वर जातं, भंगारावर चालणाऱ्या इलेक्ट्रिक आर्क फर्नेसचं त्यापेक्षा पुष्कळ कमी. स्टॉकिस्ट म्हणाला, पोलाद बनवणाऱ्या मिलला विचारा. मिलचं विक्री कार्यालय म्हणालं, तुम्ही आमचे थेट ग्राहक नाही, स्टॉकिस्टमार्फत या. स्टॉकिस्टमार्फत गेलो तर मुख्य कार्यालयाकडे बोट. तिथून उत्तर आलं की ही माहिती गोपनीय आहे. इकडे पोर्टलवरून दर सोमवारी स्मरणपत्र येतच होतं आणि पुरवठादार म्हणून आमचे गुण कापले जातील, अशी ताकीदही त्यात होती. ज्या भट्टीचं दारही आम्ही पाहिलेलं नाही, तिच्या धुराबद्दल गुण आमचे का कापायचे?

मार्ग सापडला तो पीपॅपच्या, म्हणजे ग्राहकाने पार्ट मंजूर केल्याच्या कागदपत्रांच्या फाइलमध्ये. ही मिल आम्ही निवडलेलीच नव्हती. पार्ट मंजूर करताना पोलादाचा अप्रूव्ह्ड सोर्स (माल कोणत्या मिलचा घ्यायचा ते) ग्राहक कंपनीनेच ठरवला होता आणि त्यांच्या परवानगीशिवाय आम्हाला तो बदलता येत नाही. ते मंजुरीचं पान घेऊन मी त्यांच्या खरेदी विभागातल्या साहेबांसमोर बसलो आणि स्पष्ट सांगितलं: सोर्स तुमचा आहे, मिल तुमचं ऐकते, आकडा तुम्ही मागा. त्यांनी माझ्यासमोरच मेल टाकली. जे पत्र आम्हाला महिनोन्‌महिने मिळालं नाही, ते त्यांना त्याच आठवड्यात मिळालं. तुमचं असं अडलं असेल तर स्टॉकिस्टच्या मागे फिरू नका, आधी पीपॅप उघडा.

पत्र मागताना तीन गोष्टी लेखी मागा: भट्टीचा प्रकार, आकडा कोणत्या वर्षाचा, आणि तो कच्च्या पोलादाचा आहे की रोलिंग होऊन बाहेर पडलेल्या बारचा. ही तिसरी गोष्ट राहिली तर तक्ता पुन्हा परत येतो. आमच्या शेजाऱ्यांचा आला. आमच्या मिलचा आकडा 2.2 टनांच्या बराच खाली निघाला. डिसेंबर 2024 मध्ये पोलाद मंत्रालयाने हरित पोलादाची व्याख्या केली, तिची मर्यादा हीच: तयार पोलादाच्या टनामागे 2.2 टन. पोर्टलने सरासरी चालवून घेतली असती आणि आम्ही गप्प बसलो असतो तर नसलेला बोजा आमच्या पार्टवर कायमचा बसला असता. तो दिवस मला फार समाधानाचा गेला.

विजेबद्दल सांगायचं राहिलं. उच्चदाब ग्राहकांचं महावितरणचं बिल एप्रिल 2020 पासून केव्हीएएचवर, म्हणजे पॉवर फॅक्टरचा परिणाम धरून मोजलेल्या आकड्यावर येतं. कार्बनसाठी केव्हीएएच घेऊ नका, त्याच बिलावरचा केडब्ल्यूएचचा, म्हणजे प्रत्यक्ष जळलेल्या युनिटांचा आकडा घ्या. जनरेटरच्या डिझेलला लिटरमागे सुमारे 2.7 किलो धरा. हीट ट्रीटमेंट (पार्ट पुन्हा तापवून हवा तो कडकपणा आणणं) बाहेर होत असेल तर माल पाठवण्याच्या प्रत्येक चलनामागे न लागता त्यांच्याकडून महिन्याचे युनिट आणि महिन्याचं टनेज घ्या, भागाकार आपण करायचा.

आता आमच्या टूलरूमने डाय (साचा) बदलून फ्लॅश 300 ग्रॅमने कमी केला आहे. देशाच्या सरासरीनेही हिशेब केला तर एका पार्टमागे पाऊण किलो वाचतो, आणि पोलादाचे पैसे वाचतात ते वेगळेच. मिलचा आकडा दरवर्षी नव्याने लागणार, म्हणून स्टॉकिस्टच्या खरेदी ऑर्डरमध्ये मी एक ओळ वाढवली आहे: टीसीसोबत भट्टीचा प्रकार लिहून आल्याशिवाय माल उतरवून घेतला जाणार नाही.