नवा शॉवर, बारीक धार आणि ‘पंप बसवा’चा धोशा

बाथरूमचं काम संपलं. फरशा नव्या, गरम-गार पाणी एकत्र करणारा वॉल मिक्सर नवा, वर मोठा गोल शॉवर. नॉब फिरवला आणि पाणी फक्त मधल्या दहा-बारा भोकांतून आलं, कडेची भोकं नुसती टिपकत राहिली. केसांतला शाम्पू निघता निघेना.

प्लंबरने आधी शॉवर उघडून आतली जाळी धुतली. तिच्यात बारीक रेती होती, ती निघाली. धार जराशी सुधारली, पण जराशीच. मग त्याने शॉवरच्या मानेतली भोक असलेली प्लॅस्टिकची छोटी चकती काढली, “ही पाणी अडवते” म्हणाला आणि कचऱ्यात टाकली. त्यानेही फरक पडला नाही. शेवटी निकाल दिला : “ताई, टाकीच खाली आहे. प्रेशर येणार कुठून? पंप बसवा.”

इथून पुढचे तीन आठवडे मला अजून सलतात. शॉवर विकणाऱ्याला विचारलं, तोही म्हणाला पंप. त्याने पाठवलेला माणूस दोनदा दिलेली वेळ चुकवून तिसऱ्यांदा आला, दारातूनच वर बघितलं आणि म्हणाला पंप. एकानेही बादली लावून पाणी मोजलं नाही. माझं म्हणणं साधं होतं : शॉवरच्या खाली, त्याच भिंतीत, त्याच टाकीचा बादलीचा नळ आहे आणि तो धो धो वाहतो. मग टाकीचा दोष कसा? यावर उत्तर एकच, “नळ खाली असतो, शॉवर वर असतो.” खरं आहे, पण दोघांत फरक दीड मीटरचा. पाण्याची उंची दहा मीटर असेल तर दाब साधारण एक बार मिळतो. आमच्या टाकीतलं पाणी शॉवरच्या सहा मीटर वर आहे, म्हणजे ०.६ बार. शॉवरच्या खोक्यावर किमान अर्धा बार लिहिलं होतं. खोकं टाकून देऊ नका, हे आकडे नंतर कामाला येतात.

मग मी स्वतःच घड्याळ लावलं. दहा लिटरची बादली खालच्या नळाने पाऊण मिनिटात भरली. शॉवरखाली स्टुलावर ठेवली तर अडीच मिनिटं, म्हणजे मिनिटाला चार लिटर. शॉवर काढून नुसत्या पाइपाची धार मोजली, तरी तेवढीच. म्हणजे अडथळा शॉवरमध्ये नव्हताच, मागे कुठेतरी होता. ही चाचणी प्रत्येकाने सगळ्यात आधी करावी, एक पान्याचं काम आहे.

इतके दिवस मी गार पाणीच सोडून बघत होते. त्या दिवशी बादली लावलेली असतानाच गिझर चालू करून गरम बाजू उघडली आणि पाइपातून अशी धार आली की मी भिंतीला टेकले! बादली मिनिटभरात भरली. गिझरला पाणी त्याच टाकीतून जातं. टाकी खाली असती तर दोन्ही बाजू सारख्याच रडल्या असत्या. बिघाड फक्त गार पाण्याच्या वाटेवर होता.

गार पाण्याचा स्टॉप कॉक, म्हणजे त्या पाइपाचं पाणी बंद करायची चावी, बंद केला. आधी तो पूर्ण उघडा आहे ना, हेही तपासलं; कितीदा तो अर्धवटच राहतो. मिक्सरच्या नटावर फडकं गुंडाळून पाना लावला, फडक्यामुळे क्रोमवर ओरखडा येत नाही. खाली पातेलं ठेवलं. नट सुटला, मिक्सर थोडा पुढे ओढला आणि आत जाळीचा वॉशर दिसला. त्याच्यावर टेफ्लॉन टेपची (जोड गळू नये म्हणून आट्यांवर गुंडाळतात ती पांढरी पट्टी) करंगळीच्या नखाएवढी भिजकी गुंडाळी बसली होती आणि तिला पाइप कापताना पडलेले प्लॅस्टिकचे कीस चिकटले होते. तेवढ्यासाठी तीन आठवडे. पंप बसवला असता तरी त्याने ती गुंडाळी जाळीवर आणखीच घट्ट दाबली असती.

जाळी टूथब्रशने घासली. परत बसवण्याआधी पाइपाच्या तोंडाशी पातेलं धरून स्टॉप कॉक क्षणभर उघडला, आणखी कीस बाहेर आला. खरं तर मिक्सर बसवण्याआधीच पाइपातून भरपूर पाणी सोडून सगळा कचरा काढायला हवा होता. तुमच्याकडे काम चालू असेल तर समोर उभं राहून ते करून घ्या. टेप गुंडाळताना आट्याचा पहिला फेरा मोकळा सोडायला सांगा, म्हणजे टेपचं टोक आत तुटून पडत नाही.

दोन्ही बाजू उघडल्या आणि कडेच्या भोकांसकट सगळा शॉवर पडला. मी कपड्यांसकट खाली उभी राहिले. मोजलं तर मिनिटाला तेरा लिटर. हे मात्र जास्त झालं, कारण ती फेकलेली चकती पाणी वाचवण्यासाठीच असते. अमेरिकेत १९९४ पासून नव्या शॉवरला मिनिटाला साधारण साडेनऊ लिटरचीच मर्यादा आहे आणि तेवढ्यात अंघोळ उत्तम होते. विक्रेत्याकडून तशीच दुसरी चकती मागवून बसवली. आता नऊ लिटर येतं आणि शाम्पू दोन मिनिटांत निघतो.