मॅकी 202, अपडेट 4: रिंगांसाठी एअरब्रश बदलला (आणि त्याआधी थोडी अक्कल आली)

मंडळी, दीड महिना काहीच टाकलं नाही कारण किट डब्यात पडून होतं आणि मी रुसलो होतो. ज्यांनी मागचं वाचलं नाही त्यांच्यासाठी, हासेगावाचं 1/48 (म्हणजे खऱ्याच्या 48 पट लहान) प्लॅस्टिक मॉडेल, मॅकी सी.202 फोल्गोरे चाललंय, दुसऱ्या महायुद्धातलं इटालियन लढाऊ विमान, उत्तर आफ्रिकेतलं, म्हणजे वाळूच्या रंगावर गडद ऑलिव्ह हिरव्या वेड्यावाकड्या रिंगा, विमानाच्या वरच्या जवळजवळ सगळ्या भागावर. टेप लावून होत नाही, पुट्टीच्या वळकट्या लावूनही होत नाही, कडा मऊ पाहिजेत त्यामुळे हातानेच मारायला लागतं. मी मारल्या. अस्वल थुंकल्यासारखं दिसत होतं.

हिशोब करून बघितला तर कळलं का ते. खऱ्या विमानावरचा 5 सेमीचा पट्टा 1/48 वर 1 मिमीच्या आसपास येतो. माझी लाइन निघत होती 3 मिमी, म्हणजे इटालियन मेकॅनिकने 14 सेमी रुंदीचा फवारा मारत सगळं विमान रंगवलं असं झालं. वर दोन्हीकडे धुरळा वेगळाच. पंख पुसला, वाळूचा रंग परत मारला आणि ठरवलं की आता चांगला बारीक डिटेलचा एअरब्रश (हवेच्या दाबाने रंग फवारायचं पेन) घ्यायचा, खूप झालं त्या 0.3 मिमी नॉझलच्या, म्हणजे पुढच्या छिद्राच्या, स्वस्तातल्या ब्रशवर.

मग पंधरा दिवस नुसतं वाचन. इवाटाचा कस्टम मायक्रॉन 0.18, जीएसआय क्रिओसचा पीएस-771 तोही 0.18, हार्डर अँड स्टीनबेकचा इन्फिनिटी 0.15. आकडा जितका लहान तितकी लाइन बारीक, असं डोक्यात पक्कं बसलं होतं. रात्री अकरा वाजता मोबाइलवर मायक्रॉनची किंमत बघायची, बंद करायचं, साडेअकराला परत बघायची. बायको म्हणाली एवढ्यात आपला गॅलरीचा स्लायडिंग दरवाजा होईल. गप्प बसलो, कारण बरोबर होतं तिचं.

पुण्याचा एक मित्र आहे, 1/35 चे रणगाडे करतो, त्याला फोन केला. त्याने ब्रशबद्दल विचारलंच नाही.

"रंग किती पातळ करतोस?"

"दुधाएवढा. सगळे सांगतात तसा."

"कुठलं दूध? म्हशीचं का पिशवीतलं?"

"...म्हशीचं असेल बहुतेक."

"मग टोन्ड कर, आणि त्यात गवळी घालतो तेवढं पाणी घाल. आधी शाई मारून बघ, मग पैसे खर्च कर."

शाईची टेस्ट खरंच करून बघा सगळ्यांनी. जुन्या ब्रशच्या कपात फाउंटन पेनची निळी शाई टाकली चार थेंब, प्रेशर 10 पीएसआय, पुढची नीडल कॅप काढली, नॉझल कागदापासून अर्धा सेमीवर. आणि त्याच 0.3 च्या ब्रशने, ज्याला मी दीड महिना शिव्या घातल्या, त्याने पेन्सिलएवढी लाइन काढली! म्हणजे दोष ब्रशचा नव्हता, रंगाचा होता. नाही म्हटलं तरी जरा लाज वाटली.

तर नॉझलचा आकडा म्हणजे लाइनची जाडी नव्हे. नीडल नॉझलच्या आत शंकूसारखी बसलेली असते, ट्रिगर मागे ओढला की ती मागे सरकते आणि भोवती फट पडते, त्या फटीतून रंग येतो. नीडलचं टोक लांब निमुळतं असेल तर ट्रिगर तेवढाच ओढून फट कमी उघडते, म्हणून कंट्रोल जास्त. टोक आखूड असेल तर जरा बोट हललं की भसकन रंग. इवाटाच्या एक्लिप्सवर 0.35 चं नॉझल असतं आणि त्यावर लोक केसाएवढ्या लाइन काढतात. उलट 0.15 मध्ये रंग जरा जाड झाला की येतच नाही, टोकावर सुकतो, दर दोन मिनिटांनी थिनरात भिजवलेल्या साध्या ब्रशने पुसत बसा. आमच्या डोंबिवलीत एप्रिल-मेमध्ये पंख्याखाली अ‍ॅक्रिलिक मारून बघा एकदा, म्हणजे कळेल.

मग घेतला का नवीन? घेतला. (हसू नका.) कारण शाईने बारीक लाइन निघाली तरी माझ्या जुन्या ब्रशचा ट्रिगर सुरुवातीला अडकायचा आणि मग एकदम सुटायचा. सरळ लाइनला चालतं, रिंगेला नाही. रिंग म्हणजे अर्ध्या सेकंदात सुरू, वळण, बंद, आणि जिथे सुरू केली तिथेच येऊन बंद करायची. तो सुरुवातीचा अर्धा मिमी ट्रिगर गुळगुळीत नसेल तर प्रत्येक रिंगेला एक टिकली लागते.

शेवटी हार्डर अँड स्टीनबेकचा इव्होल्यूशन घेतला, 0.2 आणि 0.4 दोन्ही नॉझलवाला सेट. मायक्रॉन का नाही तर एक पैसे, आणि दोन त्याचं नॉझल, नखाच्या कोपऱ्याएवढं, आट्यांचं, छोट्या पान्याने फिरवायचं. माझा हात बघता मी पहिल्या महिन्यात त्याचे आटे मोडणार. इव्होल्यूशनचं नॉझल नुसतं आत बसतं, पुढची कॅप हाताने आवळायची, पाना लागत नाही. वर 0.4 बसवलं की प्रायमर (अस्तर) आणि बेसकोट (खालचा मूळ रंग) त्याच ब्रशने. क्रिओसचा पीएस-270 पण मनात होता, तोही 0.2, पण दोन नॉझलचा मोह झाला. घेण्याआधी सुटं नॉझल आणि नीडल इथे मिळते का आणि कितीला, ते मात्र विचारा. ब्रश एकदा घ्यायचा असतो, नॉझल परत परत.

नीडलचं सांगतो ना. दुसऱ्याच दिवशी धुताना टोक सिंकच्या स्टीलला लागलं. दिसायला काही नाही, पण रंग डावीकडे थुंकायला लागला. नीडल फिरवत फिरवत टोक नखावरून अलगद मागे ओढलं तर एका बाजूने नख धरलं, म्हणजे हूक झालाय. मग 2000 चा सँडपेपर काचेवर ठेवून, नीडल आडवी, बोटांत फिरवत फिरवत मागे ओढायची, पुढे ढकलायची नाही. दहा-बारा वेळा केलं, हूक गेला. तेव्हापासून ब्रश धुताना खाली जुना टॉवेल अंथरतो.

आता रिंगा. टॅमियाचा एक्सएफ सिरीजचा हिरवा, त्यात थोडा काळा, आणि मिस्टर लेव्हलिंग थिनर, रंग एक भाग तर थिनर तीन भाग. ते थिनर हळू सुकतं म्हणून टोक कमी चोंदतं, पण वास जबरी आहे, मास्क लावा आणि खिडकी उघडी ठेवा. प्रेशर 9 ते 10. पावसात कंप्रेसरच्या हवेतलं पाणी नळीत साठतं आणि मधेच एक थेंब फस्सकन पंखावर येतो, त्यामुळे वॉटर ट्रॅप दर अर्ध्या तासाने रिकामा करतोय.

खरी युक्ती मला तिसऱ्या रात्री सापडली. हात फिरवायचा नाही. उजवा हात टेबलाला टेकवून ठेवायचा, ट्रिगरवर बोट, आणि डाव्या हाताने पंखच फिरवायचा. आधी नुसती हवा, पंख फिरायला लागला की मग रंग, रिंग मिटायच्या जरा आधी रंग बंद, हवा चालूच. टिकली पडत नाही. रिंग एकदम गोल येत नाही, बटाट्यासारखी येते, पण खऱ्या फोटोंत तरी कुठे गोल आहेत, काही तर अर्धवटच सोडलेल्या दिसतात. जिथे कडेला धुरळा झाला तिथे वाळूचा रंग त्याच पातळपणात घेऊन रिंगेच्या आतून मारला, बरंच झाकलं.

लाइन आता दीड मिमीच्या आत येतेय. 1 ला अजून पोचलो नाही. कधी एखादी येते, मग तिच्या शेजारची तिला साजेशी काढताना बिघडते.

डावा पंख झाला काल. या विमानाचा डावा पंख उजव्यापेक्षा 20 सेमी लांब असतो, प्रॉपेलरच्या पिळाला आवर घालायला, 1/48 वर ते 4 मिमी होतात, आणि मोजून रिंगा मारणाऱ्या माणसाची त्यात बरोबर एक रिंग जास्त जाते. उजवा पंख शनिवारी. फ्युजलाजला (विमानाच्या धडाला) हात लावायच्या आधी एक विचारायचंय, शेपटीजवळचा पांढरा पट्टा आधी मारून टेपने झाकून ठेवू का रिंगा झाल्यावर मारू? ज्यांनी 202 केलंय त्यांनी सांगा, कारण टेप काढताना बेसकोट उचलला तर मी परत दीड महिना रुसणार.