खान नदीचा रंग
गेले काही महिने दर रविवारी सकाळी मी कृष्णपुऱ्याच्या छत्र्यांजवळ, म्हणजे होळकर राजघराण्याच्या दगडी स्मारकांजवळ बसून जलरंगात खान नदी रंगवतो आहे. आमच्या इंदूरला निसर्गचित्रणाची मोठी परंपरा आहे. दत्तात्रय दामोदर देवळालीकर यांनी १९२७ मध्ये येथे चित्रशाळा सुरू केली आणि तिच्यात शिकलेले ना. श्री. बेंद्रे पुढे निसर्गचित्रकार म्हणून देशभर नावाजले गेले. मला मात्र घाट, गल्ल्या आणि नाल्याकाठच्या भिंती अशा रोजच्या जागाच खुणावतात.

पहिल्या दिवशी मी सवयीने पाण्यासाठी निळा रंग घेतला आणि समोर पाहून थांबलो, कारण तिथे निळे काहीच नव्हते. सांडपाण्याने काळवंडलेला, कडेला शेवाळी झाक असलेला तो रंग मिसळताना गेरू, काळपट हिरवा आणि थोडा जांभळा लागला. छत्र्यांचे नक्षीदार दगड त्या पाण्यात प्रतिबिंबित होतात, तेव्हा चित्र सुंदरच दिसते, आणि याच सौंदर्याची मला भीती वाटते. घाण देखणी करून दाखवणे म्हणजे ती झाकणेच नव्हे का? म्हणून मी काठावर अडकलेल्या प्लास्टिकच्या पिशव्याही तितक्याच निगुतीने रंगवतो. हेच पाणी पुढे क्षिप्रेला मिळते.

आता पावसाळ्यानंतर सिरपूरच्या तलावावर जाणार आहे. २०२२ मध्ये त्याला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा दर्जा मिळाला. स्थलांतरित पक्षी येण्याआधी तेथील काठ रंगवायचा आहे.