गटाराकडेचा दगड

पसरणी घाटात मुलांना नेलं की आधी रस्त्यासाठी कापलेल्या कड्यात लाव्हाचे थर ओळखायला लावते. मध्ये विटकरी रेड बोल, म्हणजे लाल मातीचा पट्टा, दिसला की समजायचं: खालचा लाव्हा थिजला, झिजला, त्याची माती झाली, मग वरचा आला. क्रम डोळ्यांना कळतो. वर्षं कळत नाहीत.

यंदा शेवटच्या वर्षाच्या एका मुलीने सुरेख तुकडा आणला. ताजा, काळाभोर, प्लॅजिओक्लेज खनिजाच्या बारीक काड्या उन्हात चमकणारा.

"मॅडम, याचं वय निघेल?"

"निघेल की. उचललास कुठून?"

"त्या गटाराकडेनं."

दगडातल्या किरणोत्सारी पोटॅशियम-४० च्या काही भागाचं हळूहळू आर्गॉन-४० होतं. अर्धायुष्य, म्हणजे निम्मं पोटॅशियम-४० संपायला लागणारा काळ, सुमारे १२५ कोटी वर्षं. प्रमाण मोजलं की वय मिळतं, दख्खनच्या लाव्हाचं साधारण ६.६ कोटी. पण वरच्या कुठल्या थरातून हा गडगडत आला? ते वय मांडायचं कुणाच्या नावावर?

"मंगळाच्या उल्कांसारखंच," मागून एक मुलगा म्हणाला. मला इतका आनंद झाला की तिथेच कठड्यापाशी सगळ्यांना थांबवलं. १८६५ साली बिहारमध्ये शेरघाटीला पडलेला दगड मंगळाचा आहे. त्याचं वय काढता येतं, पण तो मंगळावरच्या कुठल्या मैदानातून उडाला, हे दगड सांगत नाही.

मंगळावर आपण उल्का आदळून पडलेली विवरं मोजतो. जास्त विवरं, जुनी जमीन. तोही क्रमच. त्याला वर्षं जोडतो ती चंद्रावरून, कारण अपोलोच्या ३८२ किलो नमुन्यांच्या जागा नोंदलेल्या आहेत. तरी तीन अब्ज ते एक अब्ज वर्षांच्या मधला मोठा टप्पा रिकामाच होता. डिसेंबर २०२० मध्ये चीनच्या चांगअ-५ यानाने चंद्रावरून १,७३१ ग्रॅम माल आणला. त्यातला बसाल्ट, म्हणजे थिजलेल्या लाव्हाचा खडक, निघाला सुमारे दोन अब्ज वर्षांचा, आणि त्या रिकाम्या जागेत एक पक्की खुंटी बसली. मंगळाला मात्र हा हिशेब उसना लावावा लागतो, तिथे उल्कांचा मारा किती होता याचा अंदाज धरून. कोट्यवधी वर्षांचा फरक सहज पडतो.

मुलीने वर चढून कड्यातूनच नवा तुकडा फोडला, पिशवीवर थराचा क्रमांक घातला.

नासाच्या पर्सिव्हरन्स रोव्हरने २०२१ पासून मंगळावरच्या जेझेरो विवराच्या तळातल्या अग्निजन्य खडकाच्या नळ्या अशाच, जागेची नोंद ठेवून भरल्या आहेत. त्या अजून मंगळावरच आहेत. पुढचा कुठलाही रोव्हर पाठवण्याआधी त्या आणाव्यात, असं मला मनापासून वाटतं.