कोकेदेराची बाग: आधी लिहा, मग पाहा

क्योतोच्या साइहो-जी मंदिराला लोक कोकेदेरा म्हणजे शेवाळाचं देऊळ म्हणतात. वाटेल तेव्हा जाऊन तिकीट काढावं, असं तिथे चालत नाही. गर्दीच्या त्रासामुळे १९७७ पासून आधी अर्ज केलेल्यांनाच आत घेतात. पूर्वी त्यासाठी जोडकार्ड पाठवावं लागे. आता ऑनलाइन वेळ मिळते. माणशी ४,००० येन. आकडा पाहून नवरा म्हणाला, "शेवाळ बघायला?"

प्रश्न रास्तच होता. आम्ही कोकणातले. पावसाळ्यात चिऱ्याच्या पायरीवर शेवाळ धरलं की ब्लीचिंग पावडर टाकून खरवडायचं, एवढाच आमचा त्याच्याशी संबंध.

जून निवडला, कारण जपानातला पावसाळा तेव्हाच असतो. मात्सुओ-ताइशा स्टेशनावर उतरून छत्री घेऊन चालत गेलो. आत गेल्यावरही बाग लगेच नाही. आधी ठेंगण्या मेजापाशी बसून बौद्ध सूत्र, म्हणजे पवित्र पाठ, लिहायचं. कागदावर अक्षरं फिकट छापलेली, त्यावरून ब्रशपेन फिरवायचं. एकही अक्षर कळत नव्हतं, तरी रेघ सुटू नये म्हणून श्वास धरून गिरवत होते. भोवती सगळे गप्प. शेवटी आपली इच्छा लिहायची. ती मी सरळ मराठीत लिहिली. हा सोपस्कार मला आधी पर्यटकांसाठीचं नाटक वाटला होता. पण त्यामुळे घाई खरंच उतरते, आणि तसं व्हायलाच हवं, कारण पुढे बघायचं ते बोटभर उंचीचं आहे.

तळ्याभोवती झाडांच्या मुळांवर, दगडांवर, बेटांवर नुसतं हिरवं. सुमारे १२० जातींचं शेवाळ आहे म्हणतात. मला चार-पाचच वेगळी ओळखू आली, एक मखमली, एक चांदण्यांसारखं. गंमत म्हणजे मुसो सोसेकी या झेन भिक्षूनं १३३९ मध्ये बाग नव्यानं घडवली तेव्हा ही हिरवळ त्याच्या डोक्यातही नव्हती. पुढे देऊळ दुर्लक्षित राहिलं, दमट हवेत शेवाळ आपोआप पसरलं, आणि तेच आज जपलं जातं. माळी हलक्या हातानं झाडून पानं काढत होते. वाट सोडून पाऊल टाकायचं नाही.

लहान मुलांना इथे घेत नाहीत. मुलं सोबत असतील किंवा बेत ऐनवेळी ठरला असेल, तर क्योतोतल्याच र्योआन-जी या झेन मंदिरात जावं; तिथे तिकीट दारातच मिळतं.