शेवटचा पेच सुटतो कशाने?

नाशकात सिनेमावर वाद घालायला माणसं कमी नाहीत, आणि त्या वादात एक वाक्य हमखास येतं: अंतराळपट खोल असतात, फँटसी म्हणजे तलवारी आणि ड्रॅगन. काळं आकाश, शांतता, खिडकीतून पृथ्वीकडे बघणारा एकटा माणूस. एवढं जमवलं की प्रेक्षक आपणहून गंभीर होतो, दिग्दर्शकाने काही म्हटलेलं असो वा नसो.

खोली तपासायची तर पात्रांची भाषणं बाजूला ठेवावीत. त्या जगाचा नियम काय, तो मोडायची किंमत कोण भरतं आणि शेवटचा पेच त्याच नियमाने सुटतो की ऐनवेळी बाहेरून काही आणून सोडवतात, एवढंच बघावं.

'इंटरस्टेलर' (2014) घ्या. कृष्णविवराजवळच्या पाण्याच्या ग्रहावर एक तास म्हणजे पृथ्वीवरची सात वर्षं. नोंदींची पेटी आणायला एक जण थांबते, प्रचंड लाट येते, इंजिनात पाणी शिरतं, ते निघेपर्यंत वाट बघावी लागते. मूळ यानावर परततात तेव्हा 23 वर्षं, 4 महिने, 8 दिवस उलटलेले असतात. भागाकार करून बघा, खाली जेमतेम तीन तास वीस मिनिटं गेलेली. मग यानाचा वैमानिक कूपर पृथ्वीवरून मुलांनी पाठवलेले, साचलेले निरोप लावतो. पोरगा डोळ्यांदेखत बाप्या होतो, स्वतः बाप होतो, आणि शेवटी मुलगी दिसते, निघताना कूपर ज्या वयाचा होता त्याच वयाची. इथे कुणी पापी नाही, कुणी शिक्षा दिलेली नाही. गुरुत्वाकर्षणाने नुसता हिशोब लावलाय, आणि त्यात सूट नाही. अंतराळपटाची खरी ताकद ही. शेवटाकडे मात्र मुलीच्या पुस्तकांच्या कपाटामागे काळाच्या पलीकडची एक जागा उघडते, भविष्यातली माणसं मदतीला येतात, प्रेम दिशा दाखवतं, आणि आधी इतका कडक असलेला काळ अचानक सोयीचा होतो. डोळ्यांत पाणी येतं, पण विचार तिथेच थांबतो.

आपल्याकडची ककुद्मी राजाची गोष्ट या बाबतीत जास्त निर्दय आहे. मुलगी रेवती हिच्यासाठी वर विचारायला तो ब्रह्मलोकात जातो, चाललेलं गाणं संपेपर्यंत थांबतो, आणि तेवढ्यात खाली 27 चतुर्युगं उलटतात. मनात योजलेले सगळे वर, त्यांची नातवंडं-पतवंडं, कुणीच उरलेलं नाही. ब्रह्मदेव हसतो आणि बलरामाचं नाव सुचवतो. गेलेला काळ परत मिळवायची खटपट पुराण करतच नाही.

'2001: अ स्पेस ओडिसी' (1968) शेवटपर्यंत झुकत नाही. यानाचा बोलका संगणक हॅल बिघडतो कारण त्याच्यावर दोन न जुळणाऱ्या जबाबदाऱ्या आहेत: माहिती अचूक द्यायची आणि मोहिमेचा खरा हेतू दोघा अंतराळवीरांपासून लपवायचा. हे उघड शब्दांत सांगितलं 1984 च्या पुढच्या भागाने. मूळ चित्रपट फक्त खुणा सोडतो. हॅलला बंद करतानाचं दृश्य कान देऊन बघा. हेल्मेटमधला श्वास, एकेक करून संथपणे बाहेर सरकणारे स्मृतीचे ठोकळे, जड होत जाणारा आवाज. खुनी यंत्राची कीव येते. यावर एकही पात्र भाष्य करत नाही, हे विशेष.

आता फँटसी. इथे नियम भौतिक नसतो, नैतिक असतो, आणि चांगल्या लेखकाच्या हाती तो गुरुत्वाकर्षणाइतकाच ताठ राहतो. 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'मध्ये दुष्ट अंगठी ज्वालामुखीत टाकून नष्ट करायला निघालेला फ्रोडो अगदी कड्याच्या टोकाशी जाऊन हरतो. अंगठी टाकत नाही, 'माझी' म्हणतो. नायक हरल्यावरही काम होतं ते त्या अंगठीने पछाडलेल्या गॉलममुळे, आणि गॉलम जिवंत असतो तो आधी अंगठीचा जुना धनी बिल्बोने, मग फ्रोडोने, शेवटी फ्रोडोचा सोबती सॅमने त्याला सोडून दिलं म्हणून. दयेची ही उधारी शेकडो पानांनी वसूल होते. 1955 च्या पुस्तकात गॉलम अंगठी हातात येताच आनंदाने नाचतो, पाऊल चुकतं आणि पडतो. 2003 च्या चित्रपटात फ्रोडो पुन्हा त्याच्यावर झडप घालतो, झटापट होते, मग तोल जातो. पडद्यावर नायकाने काहीतरी करायलाच हवं, हा धंद्याचा हिशोब समजतो. पण त्या झटापटीने मूळ मुद्दा पातळ झाला.

'स्टार वॉर्स' (1977) यान, लेझर सगळं असूनही फँटसीच: राजकन्या, म्हातारा गुरू, तलवार. त्याला अंतराळपट म्हणून मार्क देऊ नयेत.

फँटसी फसते ती बहुतेक वेळा 'निवडलेला' नायक आणून. भाकीत आधीच ठरलेलं असेल तर निवड कसली? दुसरं दुखणं फुकटच्या जादूचं. शेवटच्या पंधरा मिनिटांत नवी शक्ती निघाली आणि तिची किंमत आधी कुणी भरलेली दिसली नाही, की गणित चुकलंच.

दोन्हींचा मेळ हवा असेल तर आपल्याच गावच्या कुसुमाग्रजांकडे जावं. 'पृथ्वीचे प्रेमगीत' मध्ये पृथ्वी जवळ येऊ पाहणाऱ्या लहानसहान ग्रहताऱ्यांना नाकारते आणि सूर्यापासूनचं अंतर पत्करते. कक्षा हा खगोलाचा नियम, तोच तिथे प्रेमाचाही नियम होतो. ही कविता असलेला 'विशाखा' संग्रह आला 1942 साली, स्पुटनिक या पहिल्या कृत्रिम उपग्रहाच्या 15 वर्षं आधी.

मंडळात चर्चा ठेवायची असेल तर तीन चित्रपट पूर्ण दाखवू नका, लोक दुसऱ्यातच उठतात. निरोपांचं दृश्य, हॅल बंद होणं आणि ज्वालामुखीचा कडा, याच क्रमाने सलग लावा. तिसऱ्याआधी पुस्तकातला तो उतारा वाचून दाखवा. अर्ध्या-पाऊण तासात भागतं. चर्चेला प्रश्न एकच द्या: इथे बिल कोणी भरलं?